दोन कोटेशनं

टेबलावर दोन कागद, उडू नयेत म्हणून वर मिठाची बरणी.
एक कॅनडा कॉर्नरच्या भूतडांचा, छापील, जीएसटीसकट:
तयार मशीन, एक खोका, एक प्लग, तीन वर्षांची वॉरंटी.
दुसरा शलाकाच्या अक्षरातला, वहीचं पान फाडून:
प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएमपीएस,
प्रत्येकापुढे वेगळा आकडा, वेगळं दुकान,
एक पार्ट तर नाशिकात मिळतच नाही,
तो पुण्याहून कुरिअरने येणार.
बेरीज सात हजारांनी कमी.
मी दोनदा करून पाहिली. बरोबर आहे.

"आपणच जोडू," ती म्हणते.
आपण म्हणजे कोण, ते मी विचारत नाही.

एकतीस वर्षं मी अंबडला पॅनल जोडली.
साखर कारखान्यांची, धरणावरच्या पंपांची,
एक कुठल्याशा परदेशी विमानतळाचं होतं,
पाटीवरची अक्षरं कुणालाच वाचता आली नाहीत.
बोल्ट आवळायचा, रेंच कट् म्हणाला की थांबायचं,
मग लाल मार्करने नटावरून पत्र्यावर एक रेघ.
रेघ तुटलेली दिसली, की समजायचं काहीतरी ढिलं झालंय.
चालू झालेलं पॅनल मात्र मी एकदाही पाहिलं नाही.
ते ट्रकवर चढायचं, आम्ही चहाला जायचो.
म्हणून वाटतं, घरात येणारी वस्तू तरी
कुणीतरी आधी चालू करून पाहिलेली असावी.

हे मी तिला सांगितलं नाही.
म्हटलं एवढंच: बिघडलं तर धरायचं कुणाला?
तुझ्या यादीत आठ दुकानदार.
आठही म्हणणार, आमचा माल चोख आहे.

ती हसली, आणि छताकडे बोट केलं.

हे घर सिडकोचं. तयार मिळालेलं.
एक खोली, एक मोरी, सोडतीत निघालेला नंबर,
शेजारच्या चाळीस घरांसारखं इतकं हुबेहूब
की पहिल्याच महिन्यात रात्रपाळीहून येऊन
मी गांगुर्डेंच्या कुलपाला किल्ली लावली होती.
घर पाहावं बांधून म्हणतात. आम्ही अर्धंच पाहिलं:
वरचा मजला चढवला, सळया हप्त्याने,
मिस्त्री बहिणीच्या लग्नाला गेला तो गेलाच.
जिन्याची सातवी पायरी तेव्हा माझ्या हातून झाली,
बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच.
पाहुणे तिथे ठेचकाळतात.
आम्ही वीज गेल्यावरही नाही.

"तिची वॉरंटी कुणाकडे आहे, बाबा?"

तरी मी भूतडांकडे जाऊन आलोच.
म्हटलं, आत पॉवर सप्लाय कुठल्या कंपनीचा?
"काका, चांगल्याच कंपनीचा."
म्हटलं, उघडून दाखवा.
स्क्रूवर एक चंदेरी चिकटपट्टी होती:
फाटल्यास जबाबदारी राहणार नाही.
माझे पैसे, माझं मशीन,
आणि माझ्याच घरात त्याच्या पोटाला हात लावायची चोरी.
चहा मात्र चांगला पाजला त्यांनी.

रविवारी फरशीवर चादर अंथरली.
शलाका पुस्तिका वाचत होती, मी चष्मा शोधत होतो.
रॅम बसवताना तिचा अंगठा कचरला, मोडेल म्हणाली.
मी दाबला. कट्.
हा आवाज मला ओळखीचा.
केसाएवढ्या वायरी होत्या, त्यांवरची अक्षरं मुंगीएवढी,
चार उलट्या लागल्या, तिनेच पकडल्या.
झाकण लावलं. मार्कर कधी हातात आला कळलं नाही,
चारी स्क्रूंवरून लाल रेघा.
"हे काय?"
"काही नाही."

बटण दाबलं.
पंखा अर्धा फिरला, आणि थांबला.

साडेबारा वाजले होते. फोन करावा असं कुणी नव्हतं.
भूतडांचं छापील कोटेशन मी खिशातच ठेवलं होतं,
ते काढलं, घडी केली, पुन्हा ठेवलं.
"उघडू परत," ती म्हणाली, आणि स्क्रू ड्रायव्हरसाठी हात पुढे केला.
रेघा तुटल्या. दुसरं काही फाडावं लागलं नाही.

मी टॉर्च आणायला वर निघालो.
सातव्या पायरीवर पाय आपसूक जरा जास्त उचलला गेला.